एका बाजूची दाढी

गेनभाऊला जाऊन दीड वर्ष झालं. अजून यात्रांच्या दिवसांत मला फोन येतात, सदाभाऊ, त्यांच्या आवाजाचं काही रेकॉर्डिंग आहे का म्हणून. आहे. पण देत नाही. रिंगटोनला लावायला मागतात मेले. लोक म्हणतात सदा साउंडवाला खडूस आहे. आहेच मी खडूस. एकवीस वर्षं लाउडस्पीकरच्या धंद्यात काढल्यावर माणूस गोड राहत नाही.

गेनभाऊ बैलगाड्यांच्या शर्यतीत माईकवर बोलायचा आणि मी खाली मशीनपाशी बसायचो. ज्यांनी शर्यत बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावाबाहेर एक चढाची धाव असते, तिला आमच्या जुन्नर-आंबेगावात घाट म्हणतात. खालून बैल जुंपलेला गाडा सुटतो, पुढं घोडी पळते, निशाण पडलं की घड्याळ सुरू आणि बारा-चौदा सेकंदांत खेळ खलास. एका गाड्याच्या एका धावेला बारी म्हणायचं. पळणं एवढंसंच, पण दोन बाऱ्यांच्या मधला सगळा वेळ निवेदकानं बोलून भरायचा. सकाळी नवाला गेनभाऊनं माईक हातात घेतला की दिवस मावळेपर्यंत तो खाली यायचा नाही.

अंगानं काडी. पांढरी टोपी, बाहीला घडी घातलेला सदरा आणि डाव्या गालात तंबाखूची गोळी. हातात कागद कधी बघितला नाही मी. समोर कुठला बैल आला, तो कुणाच्या गोठ्यातला, बेल्ह्याच्या बाजारातून कुणी वासरू म्हणून आणलेला, त्याची आई कुठल्या गावची, सगळं तोंडपाठ. स्वतःच्या दोन पोरींच्या जन्मतारखा विचारल्या तर इंदूवहिनीकडं बघायचा. बेल्ह्याचा बाजार मात्र चुकवायचा नाही. घ्यायचं काही नसायचं, नुसता वासरांची तोंडं बघून यायचा.

आणि बढाया तर विचारू नका. म्हणायचा, खोडदच्या दुर्बिणीच्या त्या दांडग्या छत्र्यांना आभाळातलं ऐकू येतं म्हणतात, मग माझं तर त्यांना रोजच ऐकू येत असंल. एकदा मी त्याला डिवचलं, गेनभाऊ, आवाज माझ्या मशीनचा असतो, तू नुसती तोंडाची वाफ घालवतोस. त्यानं गालातली गोळी सारखी केली आणि म्हणाला, ‘सदा, मशीन डिझेलवर चालतंय, मी थुंकीवर. थुंकी हाय तवर गेनभाऊ हाय.’ मला किळस आली होती, खोटं कशाला सांगू.

शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांत आम्हा दोघांचेही हाल होते. मी लग्नांत स्पीकर लावायचो, म्हणून त्यालाही निवेदनाला घेऊन जायला लागलो. ओतूरच्या एका लग्नात नवरदेव घोडीवरून मांडवाच्या दाराशी आला आणि गेनभाऊच्या अंगात आलं. त्यानं नवरदेवाचं खानदान काढलं, आजोबा कुठले, मामा कुठले, छाती कशी भरलेली, नजर कशी तेज, पायात कसा जोर. इथपर्यंत लोक हसत होते. मग म्हणाला, ‘पहिलीच बारी हाय पावणं, जरा सांभाळून घ्या.’ नवरीच्या चुलत्यानं माईकची वायर उपटली. जेवायला कुणी बसवलं नाही. आम्ही दोघांनी बसस्टँडवर वडापाव खाल्ला आणि गेनभाऊ मला समजावत होता की, त्यानं एकही शब्द खोटा बोललेला नाही.

पण हसण्यावारी नेऊ नका. त्याच्या तोंडात काय होतं ते मी एका यात्रेत बघितलंय. एक बैल जुवातून निसटला आणि घाट सोडून माणसांत शिरला. हजारो माणसं, बाजूला उतार, पळापळ झाली असती तर पोरंसोरं तुडवली गेली असती. गेनभाऊनं आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. बाया झोपलेल्या पोराजवळ बोलतात तसा बोलायला लागला. म्हणाला, जागच्या जागी बसा, बैल तुमच्याच गावचा हाय, भ्यालाय बिचारा, त्याला वाट द्या. आणि माणसं बसली राव. शेताचं पीक आडवं व्हावं तशी बसत गेली. बैल मधून चालत गेला आणि एकानं त्याची वेसण धरली. गेनभाऊनं पुढच्या गाड्याचं नाव पुकारलं.

बंदी उठल्यावरच्या दुसऱ्या वर्षी मला हेडफोनमध्ये त्याच्या आवाजात खर ऐकू यायला लागली. शब्दाच्या शेवटी काहीतरी घासल्यासारखं. मी काय करावं? माईक बदलला. मग वायर बदलली. मग मशीन उघडून साफ केलं. सबंध हंगाम मी सामान बदलत राहिलो, पण माणसाला एकदा तपासून घे म्हणालो नाही. ते मला अजून खातं.

कॅन्सर निघाला, जिभेच्या बुडाशी, डाव्या बाजूला. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं की, ऑपरेशनपेक्षा शेक देऊ, रोग जाण्याची आशा चांगली आहे. शेक म्हणजे ते किरणांचे. सात आठवडे, सोमवार ते शुक्रवार, एकही दिवस चुकवायचा नाही. गेनभाऊनं विचारलं, मी बोलंन का? बाई म्हणाल्या, आवाज राहील बहुतेक, पण तोंड कोरडं पडायची भीती आहे. लाळेच्या मोठ्या ग्रंथी दोन्ही कानांच्या खाली असतात. किरणांनी त्या जळाल्या की लाळ सुटत नाही, घास उतरत नाही, दात किडतात आणि दोन वाक्यं बोललं की जीभ टाळूला चिकटते. डावी वाचवणं अवघड आहे, रोग तिथंच आहे. उजवीला वळसा घालून शेक द्यायचा प्रयत्न करू. वाचेलच असं लिहून देत नाही.

बाहेर आल्यावर गेनभाऊ पायरीवर बसला. मला म्हणाला, ‘म्हंजी एक बैल गेलाच. आता एका बैलावर गाडा वढायचा.’

दाताच्या डॉक्टरनं शेकाच्या आधीच चार किडके दात काढले, नंतर काढले तर जखम भरत नाही म्हणून. तंबाखू त्यानं दवाखान्याच्या दारात थुंकली आणि परत तोंडात घातली नाही, हे मात्र मी देवाशपथ सांगतो. मिठाचं आणि खायच्या सोड्याचं पाणी करून दिवसातून सात-आठ वेळा चुळा भरायच्या. दर थोड्या वेळानं घोटभर पाणी. वजन उतरू द्यायचं नाही. इंदूवहिनींनी सगळं दोनदा विचारून घेतलं आणि पोरीच्या वहीत लिहून ठेवलं.

मग तो मुखवटा. प्लॅस्टिकची जाळीदार चादर गरम पाण्यात मऊ करून तोंडावर दाबतात, ती तोंडाच्या आकाराची होते आणि घट्ट बनते. रोज शेकाच्या वेळी तो मुखवटा चढवून त्याच्या कडा टेबलाला अडकवतात, डोकं तसूभरही हलू नये म्हणून. गेनभाऊ त्याला मुसकी म्हणायचा. पिकात तोंड घालू नये म्हणून आपण बैलाला बांधतो ती. पहिल्या दिवशी बाहेर आला तेव्हा सगळ्या चेहऱ्यावर जाळीचे चौकोन उठले होते आणि सदरा घामानं भिजला होता. मला म्हणाला, तोंड उघडता येत न्हाई, मान हलत न्हाई, डोळं उघडावं तर पापणी प्लॅस्टिकला लागती. सगळी निघून जात्यात अन् दार लावून घेत्यात. आयुष्यभर बैलांना मुसक्या घातल्या, आता कळलं म्हणाला.

पुण्यात खोली घेऊन राहायचं असं ठरलं होतं. चार दिवस राहिला आणि माझ्या पाया पडायला आला, अक्षरशः. चार भिंतींत बोलायला माणूस नाही आणि बोलायची ताकद नाही, मला घरी ने म्हणाला. मग मी माझ्या व्हॅनमधून त्याला रोज न्यायला आणायला लागलो. जाताना चाकणला अडकायचं, येताना चाकणला अडकायचं. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, मध्ये आम्ही. तो बाटलीचं झाकण उघडायचा, घोट घ्यायचा, झाकण लावायचा. ते एवढ्या वेळा व्हायचं की, मला झाकणाच्या आवाजाची चीड यायला लागली. एकदा मी खेकसलो सुद्धा. झाकण लावलंच नाही त्यानं त्या दिवशी, हातात धरून बसला.

आता दाढीचं सांगतो. शेक सुरू व्हायच्या आदल्या दिवशी गेनभाऊ गावच्या भैरवनाथाला गेला आणि नवस बोलला की, घाटात माईकवर पुन्हा बोलेपर्यंत दाढी करणार नाही. आमच्याकडं असे नवस पुष्कळ. घर होईपर्यंत, पोरगा होईपर्यंत, इलेक्शन जिंकेपर्यंत दाढी राखलेली माणसं सगळ्यांनी बघितलीत. कुणाला काही वाटलं नाही. दवाखान्यात सांगावं असं तर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डाव्या गालाची दाढी झडली. हात फिरवला की केस हातात. उजव्या गालावर मात्र कानाखाली चांगली दाट वाढत होती. माणूस अर्धा बुवा आणि अर्धा पोरगा दिसायला लागला. तोंडात फोड आले होते, लाळ चिकट, दोरीसारखी झाली होती, कशालाच चव नव्हती. वहिनी मुगाचं कढण आणि तूप घातलेली पेज चमच्यानं भरवायच्या. पण गेनभाऊ आरशात बघून खूश. त्यानं स्वतःच हिशेब लावला होता. जिथं किरण जात्यात तिथं केस गेले. उजव्या अंगाला केस हायत म्हंजी तिकडं किरण जात न्हाईत. म्हंजी उजवी थुंकी जित्ती हाय. व्हॅनमध्ये बसला की, तो उजव्या गालावरनं हात फिरवत राहायचा, खोंडाच्या पाठीवरनं फिरवतात तसा. देवानं खूण दाखवली म्हणाला. मला पण पटलं होतं. कुणालाही पटलं असतं.

आणि एके दिवशी दुपारी मशीनवरची बाई बाहेर आली. शेकाच्या आधी रोज फोटो काढून बघतात, डोकं जागेवर आहे का. ते जागेवर बसत नव्हतं. उजव्या बाजूच्या दाढीनं मुखवटा उचलला जात होता आणि तोंड जरासं डावीकडं कलत होतं. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. म्हणाल्या, काका, ही दाढी काढा. अशानं नेम चुकतो. जी ग्रंथी आपण वाचवतोय तीच किरणांत येईल. ब्लेड लावू नका, कातडी नाजूक झालीय, मशीननं काढा. काढल्याशिवाय मी आज शेक देणार नाही.

गेनभाऊनं मान हलवली. नाही म्हणाला.

बाईंनी समजावलं, मी समजावलं, मशीनवरच्या बाईनं हात जोडले. तो एवढंच म्हणाला, ‘ज्या तोंडासाठी नवस क्येला त्याच तोंडानं मोडू व्हय?’ आम्ही तसेच परत आलो. एक दिवस बुडाला. बाईंनी येताना मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की, बुडालेला प्रत्येक दिवस रोगाच्या पथ्यावर पडतो. मी चाकणला त्याला वाट्टेल ते बोललो. देव काय तुझी हजामत मोजत बसलाय का, असंही बोललो. त्यानं खिडकीची काच वर केली. त्याला कळत नव्हतं असं नाही. दाढी ठेवली तर थुंकी जाणार आणि काढली तर देव जाणार, असा तो कोंडला होता, आणि त्याच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच भीती बघितली.

घरी पोचलो तेव्हा ऊन अजून होतं. वहिनी कांदे निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हात धुतले आणि देवळाच्या वाटेला लागल्या. अर्ध्या तासानं आल्या त्या अनवाणी. चपला हातात होत्या. त्या त्यांनी पुसल्या, पिशवीत घातल्या आणि पिशवी फळीवर ठेवली.

‘नवस म्या माझ्या अंगावर घेतला,’ त्या म्हणाल्या. ‘तुमी घाटात बोलंपतुर पायात घालनार न्हाई. गुरवाच्या समोर बोलून आले. आता तुमी मोकळे. करा दाढी.’

गेनभाऊ उठून उभा राहिला. फोडांनी भरलेल्या तोंडानं कसाबसा म्हणाला, ‘मला न विचारता?’

‘तुमी मला इचारलं व्हतं?’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरनं ट्रिमर नेला आणि अंगणात खुर्चीवर बसवून त्याचा उजवा गाल साफ केला. तो डोळे मिटून बसला होता. शेक पुरे झाले. बुडालेला दिवस त्यांनी एका शनिवारी भरून काढला.

रोग गेला. ते पेढे मीच वाटले. पण गेनभाऊला पेढा गिळायला पाण्याचे तीन घोट लागले. उजवी ग्रंथी जगली होती, पूर्ण नाही, पण जगली होती. भाकरी कालवणात कुस्करून खायचा. बाटली कायम काखेत. दोन-चार वाक्यं बोलला की आवाज अडायचा, जीभ सोडवून घ्यायला लागायची. बाई म्हणाल्या, वर्षभर थोडं थोडं सुधारत राहील, धीर धरा.

धीर कसा धरणार? वहिनी समोर अनवाणी फिरत होत्या. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यानं, कांद्याच्या रानात, कांदाचाळीच्या खडीवर. गावातल्या बायका कौतुक करायच्या आणि गेनभाऊ मान खाली घालायचा. माईक हातात घ्यावा तर घाटात धुरळा, तोंडाचं लाकूड व्हायचं. न घ्यावा तर वहिनींच्या टाचा फाटत चाललेल्या. एक दिवस माझ्या गोडाऊनला आला. म्हणाला, ‘सदा, काल तिच्या टाचंतनं बाभळीचा काटा काढला म्या. इंचभर आत गेलता. ती गप बसली व्हती रं. माझं तोंड तिच्या पायात घातलंय देवानं. माईक लाव.’

मग तो रोज दुपारी यायचा. गोडाऊनचं शटर खाली ओढून आम्ही सराव करायचो. मी हेडफोन लावून बसायचो. जीभ टाळूवरून सुटताना चिकटपट्टी ओढल्यासारखा आवाज यायचा, तो मला एकट्याला ऐकू यायचा. एक मिनिट, मग घोट. सव्वा मिनिट, मग घोट. पाच मिनिटांच्या वर काही तो गेला नाही. शिव्या घालायचा स्वतःला. मी पण घालायचो. असं वर्ष गेलं. माझ्याकडचं रेकॉर्डिंग म्हणजे हे, शटर बंद करून केलेलं.

पुढच्या चैत्रात शेजारच्या गावच्या यात्रेत कमिटीनं त्याला एक बारी दिली. एकच. वहिनी आल्या होत्या, देवळाच्या कट्ट्यावर बायकांत बसल्या होत्या, मांडीवर ती पिशवी. गेनभाऊनं माईक घेतला आणि सगळा घाट गप झाला. त्यानं बैलांची नावं घेतली, गोठा सांगितला, बेल्ह्याच्या बाजारातली वासराची गोष्ट सुरू केली, आणि मध्येच अडला. माझ्या हेडफोनमध्ये नुसतं चिकट, कोरडं हलणं. खाली बैल जुंपलेले, फुरफुरतायत, सहा-सात माणसांनी धरून ठेवलेले. एका क्षणात निशाण पडायला हवं होतं, बैल असे उभे राहत नसतात.

निशाणवाल्यानं निशाण वर धरलं ते खाली आणलंच नाही. बैल धरणारी माणसं जागच्या जागी घसरत होती, एकजण गुडघ्यावर आला, पण कुणी आवाज केला नाही. गेनभाऊनं बाटली उघडली. एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. दुसरा घेतला. झाकण लावलं. मग गोष्ट पुरी केली, शेवटच्या शब्दापर्यंत, आणि म्हणाला, ‘जाऊ द्या.’

निशाण पडलं. किती सेकंद लागले ते मला माहीत नाही. मी घड्याळ बघितलंच नाही, डोळ्यांत पाणी होतं, सांगायला लाज कसली.

गेनभाऊ नंतर सहा महिने होता. दिवाळीच्या आत एका दुपारी हृदय बंद पडून गेला. मध्ये आम्ही कैकदा भेटलो, भांडलो. पण डोळ्यांपुढं येतो तो त्या दिवशीचा. स्टेजवरून उतरला तो सरळ कट्ट्यापाशी गेला. पिशवीतून चपला काढल्या आणि सगळ्या बायकांच्या देखत वहिनींच्या पायांपुढं ठेवल्या. वहिनी लाजल्या. पाय पुसून त्यांनी चपलेत घातला. जाईना. वर्षभर अनवाणी चालून पाय पसरला होता, बोटं पट्ट्यात मावत नव्हती. त्यांनी दुसरा घालून बघितला. तोही जाईना.

गेनभाऊ खाली बसून पट्टा ओढत होता. वहिनी म्हणाल्या, ‘राहू द्या. उतरंल पाय हळूहळू.’ आणि उठून अनवाणीच माझ्या व्हॅनकडं चालायला लागल्या.

तेवढ्यात माणसं धावत आली, त्याच्याशी हात मिळवायला. त्याच्या एका हातात बाटली होती आणि दुसऱ्या हातात बायकोच्या चपला. त्यानं दोन्हीतलं काहीच खाली ठेवलं नाही. राम राम म्हणावं तर तोंड परत कोरडं पडलं होतं. नुसती मान हलवत, वाट काढत, तो वहिनींच्या मागं मागं चालत गेला.